शीतोपचार आणि जंतुसंसर्ग: गुदमरून जन्मलेल्या बाळाच्या आप्तांसाठी

प्रसूतिगृहाच्या दाराशी ताटकळत उभ्या असलेल्या मंडळींच्या कानी "बाळ झालं, पण रडलं नाही" एवढेच शब्द पडतात, आणि त्यानंतर तासा-दोन तासांच्या आत एखादा डॉक्टर संमतिपत्राचा कागद पुढे करून बाळाचे अंग तीन दिवस थंड ठेवावे लागेल असे सांगतो, तेव्हा ज्या घरात नवजात अर्भकासाठी टोपडे, दुपटे आणि शेकशेगडी यांवाचून दुसरी तजवीज कोणास ठाऊक नसते, त्या घरातील वडीलधाऱ्यांचा जीव घाबरा व्हावा हे स्वाभाविकच आहे. त्यात भर म्हणून "शिवाय इन्फेक्शनचीही शंका आहे" हे वाक्य जोडले गेले, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो असा की, ज्याला जंतूंनी ग्रासले आहे त्याला गारठ्यात ठेवणे हा इलाज की अपाय? प्रश्न भाबडा नाही. जगातील नामांकित नवजात-तज्ज्ञ गेली काही वर्षे याच प्रश्नाशी झुंजत आहेत, आणि त्याची सर्वांत कडवी चर्चा आपल्याही देशात झालेल्या एका प्रयोगावरून झाली आहे. आप्तांच्या हाती असलेला वेळ मात्र फार थोडा असतो. म्हणून हा विषय प्रसंग येण्यापूर्वीच समजून घेतलेला बरा.

प्राणवायू आणि रक्त यांचा पुरवठा तुटल्याने मेंदूची जी हानी होते ती एकाच घावात पुरी होत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ऑस्मंड रेनॉल्ड्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात चुंबकीय तंत्राने नवजात बाळांच्या मेंदूतील ऊर्जाद्रव्ये मोजली, तेव्हा त्यांना असे आढळले की गुदमरलेल्या बाळाचा श्वास परत आल्यावर मेंदूचा ऊर्जाव्यवहार प्रथम जवळजवळ पूर्वपदावर येतो, काही तास तसाच राहतो, आणि मग बाहेरून काहीही नवे विघ्न आलेले नसताना पुन्हा ढासळू लागतो. आग विझली म्हणून पाठ फिरवावी आणि राखेखालच्या निखाऱ्याने पुन्हा पेट घ्यावा, तसा हा दुसरा आघात असतो, आणि पुष्कळ पेशी त्यातच मरतात. या दोन आघातांच्या मधली जी शांत मुदत, तीच उपचाराची संधी. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ॲलिस्टर गन यांनी मेंढीच्या गर्भांवर केलेल्या प्रयोगांत, आघातानंतर दीड तासाने डोके थंड करण्यास आरंभ केला असता मेंदू मोठ्या प्रमाणात वाचला, साडेपाच तासांनी केला असता फायदा उणावला, आणि साडेआठ तासांनी केला असता तो उरलाच नाही. जन्मापासून सहा तासांच्या आत उपचार सुरू व्हावा हा जो नियम आज रुग्णालयांत सांगितला जातो, त्याचे मूळ अशा प्रयोगांत आहे. तो डॉक्टरांच्या उतावळेपणाचा मामला नाही.

नवजात बाळाला थंड करण्याची कल्पना तशी नवी नव्हती. स्वीडनमध्ये ब्यॉर्न वेस्टिन यांनी १९५० च्या दशकात श्वास न घेणारी बाळे गार पाण्यात बुडवून पाहिली होती. परंतु १९५८ साली अमेरिकेतील विल्यम सिल्व्हरमन यांनी, अपुऱ्या दिवसांची बाळे अधिक उबदार पेटीत ठेवली असता अधिक संख्येने जगतात असे दाखवून दिले, आणि त्यानंतर थंडीचे नाव काढण्यासही कोणी धजेना. सिल्व्हरमन यांचे म्हणणे आजही खोटे ठरलेले नाही. कमी दिवसांच्या बाळाला ऊबच हवी, आणि शीतोपचार पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दिवसांच्या, म्हणजे सर्वसाधारणपणे ३६ आठवडे भरलेल्या बाळापुरताच आहे. २००५ साली दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले, २००९ साली ब्रिटनच्या पुढाकाराने झालेला ३२५ बाळांवरचा 'टोबी' प्रयोग आला, आणि २०१३ साली कॉक्रेन संस्थेने ११ प्रयोगांतील १५०५ बाळांचा एकत्र हिशेब मांडला, त्याचे तात्पर्य असे निघाले की सुमारे सात बाळांना थंड केले असता एका बाळाचा मृत्यू किंवा मोठे अपंगत्व टळते. हा लाभ मोठा आहे; पण उरलेल्या सहांचे भवितव्य या उपचाराने पालटत नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे, आणि संमतिपत्रावर सही करणाऱ्याने दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

कोणते बाळ या उपचारास पात्र, हे केवळ रडण्या-न रडण्यावरून ठरत नाही. जन्मल्यावर बाळाच्या अवस्थेला जे गुण देतात तो अपगार गुणांक दहा मिनिटांनंतरही पाच किंवा त्याहून कमी असणे, किंवा तोवर श्वासासाठी फुगा अथवा नळी यांची गरज उरलेली असणे, किंवा पहिल्या तासाभरात नाळेच्या अथवा बाळाच्या रक्ताचा पीएच ७.० इतका वा त्याहून खाली किंवा बेस डेफिसिट, म्हणजे रक्तातील आम्लता दर्शविणारा आकडा, १६ किंवा त्याहून वर असणे, यांपैकी काहीतरी हवे. आणि त्याच्या जोडीला मेंदू बाधित झाल्याची लक्षणे हवीत. बाळ झोपाळू आहे की बेशुद्ध, अंग सैल आहे की ताठ, चोखण्याची क्रिया आहे की नाही, झटके येतात की नाही, यावरून सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा तीन पायऱ्या ठरविण्याची पद्धत सार्नाट दांपत्याने १९७६ साली घालून दिली, आणि उपचाराचा सिद्ध झालेला फायदा मध्यम व तीव्र या दोन पायऱ्यांपुरताच आहे. तेव्हा सौम्य बाधेच्या बाळाला थंड करण्यास डॉक्टर नकार देत असतील, तर ती हयगय समजू नये. ज्या रुग्णालयात हा उपचार होत नाही तेथून बाळ हलवावयाचे असेल, तर अपगारचे एक, पाच आणि दहा मिनिटांचे आकडे आणि नाळेच्या रक्ताच्या तपासणीचा कागद मागून घेतल्याशिवाय निघू नये. पुढच्या डॉक्टरांचा निर्णय बहुतांशी याच दोन नोंदींवर उभा राहतो.

प्रवासासंबंधी एक सूचना येथेच देतो, कारण चूक बहुधा वाटेतच होते. थंडीने मेंदू वाचतो असे कोठून तरी ऐकून बर्फाच्या पिशव्या बाळाच्या अंगाला लावणे, किंवा त्याला उघडे करून गाडीच्या वाऱ्यात धरणे, हे प्रकार घातक आहेत. ३३ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेल्या अर्भकाचे हृदय, फुप्फुस आणि रक्त गोठण्याची क्रिया ही तिन्ही बिघडू शकतात. याच्या उलट, घाबरून शेगडीशी नेणे किंवा तीन-तीन दुपट्यांत कोंबणे हेही तितकेच वाईट, कारण गुदमरलेल्या मेंदूला ताप सोसत नाही. शीतोपचाराचा आरंभ वाटेतच करावयाचा झाला, तर तो पुढच्या रुग्णालयातील तज्ज्ञांच्या सांगण्यावरून आणि गुदद्वारातील तापमान सतत मोजणारी व्यक्ती सोबत असतानाच करावा. तशी सोय नसेल तर बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान राखणे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागविणे, आणि निघण्यापूर्वी पुढच्या ठिकाणी दूरध्वनीने इत्तला देणे, एवढे पुरेसे आहे. सरकारी रुग्णालयांत एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकाचे उपचार, औषधे आणि वाहतूक जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत असतात. पैशाच्या जुळवाजुळवीत एखादा तास जाऊ देण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष उपचार दिसावयास साधा असतो. बाळाला थंड पाणी फिरणाऱ्या गादीवर किंवा वेष्टनात ठेवून त्याचे आतले तापमान ३३ ते ३४ अंशांवर आणतात, ७२ तास तेथेच राखतात, आणि मग दर तासाला सुमारे अर्धा अंश अशा बेताने पुन्हा उबेकडे नेतात. अधिक थंड करावे किंवा अधिक दिवस ठेवावे म्हणजे अधिक फळ मिळेल, हा तर्क अमेरिकेतील एका प्रयोगात ३२ अंश आणि १२० तास यांची परीक्षा घेऊन पाहण्यात आला आणि तो फोल ठरला. या तीन दिवसांत बाळाला हात लावला तर अंग गार लागते, रंग फिकट वाटतो, हृदयाचे ठोके शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतात, आणि वेदनाशामक औषधाच्या अंमलामुळे ते जवळजवळ हालत नाही. हे दृश्य पाहून आजीने दुपटे टाकण्याचा हट्ट धरू नये. हाताचा स्पर्श करण्यास मात्र बहुतेक ठिकाणी मुभा असते आणि ती अवश्य घ्यावी. आईने पहिल्या काही तासांतच दूध काढण्यास सुरुवात करावी. बाळाला ते थेंबाथेंबाने कधी द्यावयाचे हे डॉक्टर ठरवतील, पण तोवर दूध आटू देऊ नये.

आता जंतुसंसर्गाचा मुद्दा, ज्यासाठी हा लेखप्रपंच केला. संसर्ग आणि गुदमरणे या दोन वेगळ्या आपत्ती आहेत असे समजून चालण्याची सवय आपल्याला असते. वस्तुतः त्या पुष्कळदा हातात हात घालून येतात. पाणमोट फुटून अठरा तास उलटले असता, किंवा कळांच्या काळात आईला ताप आला असता, किंवा गर्भजलाला दुर्गंधी असता, गर्भवेष्टनांना दाह झालेला असण्याचा संभव वाढतो, आणि त्या दाहातून सुटलेली रसायने बाळाच्या मेंदूला असा हळवा करून ठेवतात की जेवढा प्राणवायूचा तुटवडा एरवी सोसला गेला असता, तेवढ्यानेच तो कोलमडतो. शिवाय रक्तात जंतू शिरलेले बाळही मलूल असते, दमते, त्याला झटके येतात. म्हणजे लक्षणांवरून पाहता ते गुदमरलेल्या बाळासारखेच दिसते. म्हणून "हे बाळ कशाने आजारी आहे, गुदमरल्याने, संसर्गाने, की दोहोंनी?" हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारावा. त्याचे नेमके उत्तर त्या घटकेला त्यांच्यापाशी नसले तरी, शंका किती आहे आणि तिच्यासाठी काय केले आहे, हे सांगणे त्यांना अवघड नाही.

शीतोपचार एकदा सुरू झाला म्हणजे संसर्ग ओळखणे अधिकच कठीण होते, ही गोष्ट रुग्णालयाबाहेर फारशी कोणास ठाऊक नसते. ताप हा संसर्गाचा अव्वल साक्षीदार. पण यंत्र बाळाचे तापमान ३३.५ वर बांधून ठेवीत असल्याने तो साक्ष द्यावयास येऊच शकत नाही. नाडीची वाढलेली गती हा दुसरा. तो थंडीने मंदावलेला असतो. रक्तातील सीआरपी हे दाहासोबत वाढणारे द्रव्य हा तिसरा. थंडीत तोही उशिरा चढतो, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या कमी आकड्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. रक्तातील प्लेटलेट कणिकांची संख्या गुदमरण्यानेही घटते, थंडीनेही आणि संसर्गानेही, तेव्हा तिच्या कैफियतीतून निवाडा निघत नाही. अशा परिस्थितीत बहुसंख्य तज्ज्ञ शंका येताच, रक्ताचे कल्चर घेऊन, त्याच्या उत्तराची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात, आणि कल्चर निर्दोष आले म्हणजे ती थांबवतात. सुईने पाठीच्या कण्यातील पाणी काढून मेंदूज्वराची तपासणी करणे बाळ अस्थिर असेपर्यंत पुढे ढकलले जाते; ती तपासणी नंतर झाली की राहून गेली, याची चौकशी आप्तांनी विसरू नये.

औषधांच्या मात्रेचाही प्रश्न येथे उभा राहतो. जेंटामायसिनसारखे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. गुदमरलेल्या बाळाची मूत्रपिंडे आधीच थकलेली, त्यात थंडीने त्यांचे काम आणखी मंदावलेले, म्हणून नेहमीच्या अंतराने दिलेली मात्रा शरीरात साचून कानाला व मूत्रपिंडाला इजा करू शकते. पुष्कळ ठिकाणी दोन मात्रांमधले अंतर वाढवून ३६ तासांवर नेतात आणि रक्तातील पातळी मोजतात. वेदनाशामक मॉर्फिनचीही तीच गत. "औषधांची मात्रा थंडीचा विचार करून ठरवली आहे ना?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही, नम्रपणे विचारलेल्या अशा प्रश्नाचा सुज्ञ डॉक्टरला राग येत नाही, असा माझा अनुभव आहे.

संसर्ग असता थंडीचा उपयोग होतो की नाही, याचे उत्तर जंतू ग्रॅम-निगेटिव्ह आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह या दोन जातींपैकी कोणत्या जातीचा आहे, यावर अवलंबून असावे, असा संशय ब्रिस्टल आणि ऑस्लो येथे काम करणाऱ्या मारियाने थोरेसेन यांच्या गटाच्या प्रयोगांतून बळावला. उंदरांच्या पिल्लांना ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या आवरणातील विष आधी देऊन मग गुदमरविले असता, थंडीने मेंदू वाचला नाही. ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंसारखा परिणाम करणारे द्रव्य दिले असता मात्र वाचला. युरोप-अमेरिकेत जन्मानंतर लगेच दिसणाऱ्या संसर्गात ग्रॅम-पॉझिटिव्ह असा गट-बी स्ट्रेप्टोकोकस ठळकपणे आढळतो. याउलट दिल्लीतील तीन रुग्णालयांतील नवजात बाळांच्या मोठ्या पाहणीत, जी २०१६ साली प्रसिद्ध झाली, असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचेच प्राबल्य दिसले. उंदराच्या पिल्लावरून माणसाच्या बाळाचा कायदा ठरत नाही हे खरे. पण तेथला अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडेलच असे का मानावे, हा प्रश्न या आकड्यांनी उभा केला.

त्या प्रश्नाला धार आली ती 'हेलिक्स' या प्रयोगाने. इम्पीरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल यांच्या नेतृत्वाखाली भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात मोठ्या नवजात कक्षांत, ज्यांत मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयही होते, ४०८ बाळांवर तो केला गेला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यू किंवा मध्यम-तीव्र अपंगत्व यांचे प्रमाण थंड केलेल्या बाळांत ५० टक्के आणि न केलेल्यांत ४७ टक्के निघाले, म्हणजे फायदा दिसला नाही. आणि नुसते मृत्यू पाहिले तर थंड केलेल्यांत ४२ टक्के, इतरांत ३१ टक्के, म्हणजे नुकसानच दिसले. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हा उपचार देऊ नये अशी शिफारस लेखकांनी केली. तिला आपल्याकडील अनेक तज्ज्ञांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, सार्वजनिक रुग्णालयांतील अत्यंत गर्दीच्या परिस्थितीवरून आणि उशिरा, बाहेरून आणलेल्या बाळांवरून साऱ्या देशाचा निवाडा करता येत नाही. शिवाय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अवस्था बदलणाऱ्या पदार्थाची स्वस्त गादी वापरून ५० बाळांवर केलेल्या छोट्या प्रयोगात, थंड केलेल्या बाळांच्या मेंदूच्या एमआरआय चित्रांत इजा कमी दिसली होती. भारतातील बाळांचा मेंदू कळांच्या प्रदीर्घ काळात थोडाथोडा करून आधीच भाजलेला असतो आणि उपचाराची शांत मुदत जन्मापूर्वीच संपून गेलेली असते, असेही एक स्पष्टीकरण पुढे आले आहे.

याचा आप्तांच्या दृष्टीने अर्थ असा की, दोन डॉक्टरांनी परस्परविरुद्ध सल्ला दिला तर त्यांपैकी एक अडाणी आहे असा ग्रह करून घेऊ नये. माझे मत विचाराल तर ते असे आहे: उपचार थंडीचा आहे की नाही यापेक्षा, तो कोठे होतो याला अधिक महत्त्व आहे. कृत्रिम श्वासाचे यंत्र, मेंदूच्या विद्युत्-लहरींची सतत नोंद, रात्री-अपरात्री रक्ततपासणी आणि दर बाळामागे पुरेशा परिचारिका, हे चार बंदोबस्त जेथे आहेत तेथे संसर्गाची शंका असतानाही थंडीचा उपचार विचारपूर्वक घेता येतो, कारण शंका हा काही सरसकट मज्जाव नव्हे. नेदरलँड्समधील नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासातही संसर्ग असलेल्या, थंड केलेल्या बाळांची पुढील वाटचाल इतरांहून वाईट आढळली नाही. परंतु बाळाचा रक्तदाब औषधांनीही सावरत नसेल, रक्तस्राव थांबत नसेल, किंवा फुप्फुसातील दाब फार चढलेला असेल, तर डॉक्टर थंडी टाळतील किंवा मध्येच थांबवतील, आणि त्या निर्णयाला आप्तांनी आडकाठी करू नये. जेथे नुसती गादी विकत घेतलेली आहे आणि बाकीचे चार बंदोबस्त नाहीत, तेथे बाळाला ताप येऊ न देता नेहमीचे उपचार उत्तम रीतीने करून घेणे अधिक शहाणपणाचे.

आईच्या बाजूचे कागद हा संसर्गाच्या निदानातील सर्वांत दुर्लक्षित भाग. आई एका रुग्णालयात आणि बाळ दुसऱ्या, अशी ताटातूट झाली म्हणजे पाणी केव्हा गेले, ताप किती होता, कोणती इंजेक्शने दिली, ही माहिती आईच्या दप्तरातच राहून जाते. ती एका कागदावर वेळेसह लिहून घेऊन बाळाच्या डॉक्टरांच्या हवाली करावी. त्याचप्रमाणे वार टाकून देऊ नये किंवा घरी नेऊन पुरण्याची घाई करू नये, तर ती तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठविण्याची विनंती प्रसूती होताच करावी. गर्भवेष्टनांना दाह झाला होता की नाही, याचा दाखला पुष्कळदा तिच्यातूनच मिळतो, आणि पुढील गरोदरपणात प्रसूतितज्ज्ञाला त्याचा उपयोग होतो.

पुन्हा उबेकडे नेतानाचे तास विशेष जपण्याचे असतात. याच काळात झटके उफाळू शकतात, रक्तदाब उतरू शकतो, आणि दडलेला संसर्ग ताप बनून वर येऊ शकतो. त्यानंतर सामान्यतः पहिल्या आठवड्याच्या सुमारास एमआरआय काढतात. तो निर्मळ आला तर फार दिलासा मिळतो, वाईट आला तरी त्यावरून सारे भविष्य वाचण्याचा आग्रह डॉक्टरांपाशी धरू नये. घरी आल्यावर पाठीवर किंवा खांद्यावर कातडीखाली लालसर, कठीण गाठी दिसल्या, तर त्या थंडीने चरबी गोठल्याच्या असू शकतात. त्यांच्यामुळे रक्तातील कॅल्शियम कित्येक आठवड्यांनंतरही चढू शकते, म्हणून तपासणी करून घ्यावी. श्रवणाची तपासणी चुकवू नये, विशेषतः प्रतिजैविके दिलेली असताना. आणि लसीकरण डॉक्टरांनी स्पष्ट हरकत घेतल्याशिवाय लांबवू नये.

तिसऱ्या महिन्यानंतरही मुठी सतत आवळलेल्या राहणे, मान न धरणे, वर्षाच्या आत एकाच हाताने वस्तू घेण्याची सवय लागणे, ही चिन्हे दिसली तर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बाळाला न्यावे. तेथे व्यायामोपचार आणि वाचाउपचार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मिळतात. दीड-दोन वर्षांच्या तपासणीत सारे ठीक निघाले म्हणून पुढच्या तारखा सोडून देण्याची प्रवृत्ती सर्वत्र आहे. पण 'टोबी' प्रयोगातील मुलांची सहा-सात वर्षांच्या वयात जेव्हा पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा ८५ किंवा अधिक बुद्ध्यंकासह जगलेल्यांचे प्रमाण थंड केलेल्यांत ५२ टक्के आणि इतरांत ३९ टक्के आढळले, म्हणजे उपचार मिळालेल्यांतही जवळजवळ निम्म्यांच्या वाट्याला ते आले नव्हते. म्हणून मूल शाळेत जाऊ लागल्यावर वाचन, लेखन आणि लक्ष देणे यांत काही अडखळ दिसली, तर जन्माच्या वेळचे कागद घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जावे, आणि शिक्षकांनाही पूर्वेतिहास सांगावा.